पायांचें बळ : एक पाऊल पुढें, एक गुडघा खालीं

व्यायामाविषयीं बोलूं लागलें म्हणजे बोलणाऱ्याचें लक्ष सहसा छाती व दंड यांकडे जातें. आमच्या वर्गांतही तेंच दिसतें. मधल्या सुटींत बाही वर सारून दंडाची बेडकी दाखविणारे वीर पुष्कळ आहेत. परंतु तुझी मांडी किती बळकट आहे, हें कोणी कोणास विचारीत नाहीं. ज्यांच्यावर सगळ्या देहाचा भार दिवसभर असतो, ते बिचारे पाय तक्रार करीपर्यंत कोणाच्या ध्यानांत येत नाहींत. आमच्या पायांनीं गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस तक्रार केली, आणि ती अशी केली कीं, ऐकल्यावांचून गत्यंतर राहिलें नाहीं. त्या तक्रारीची हकीकत व तिजवर आम्हांस सांपडलेला एक साधा, बिनखर्चाचा उपाय या लेखांत सांगण्याचें योजिलें आहे.

आमच्या वर्गाची सहल लोहगडास निघाली होती. पिंपरी स्थानकावर लोणावळ्याची लोकल धरून आम्ही मळवलीस उतरलों, भाजें गांव मागें टाकलें, लोहगड व विसापूर यांच्यामधील गायमुख खिंड गांठली आणि लोहगडवाडीवरून पायऱ्या चढूं लागलों. दम लागला, पण हंसत-खिदळत गणेश, नारायण, हनुमान व महादरवाजा असे चारही दरवाजे ओलांडले. विंचूकांटा पाहिला, पवना धरणाचें तें विस्तीर्ण पाणी पाहिलें, आणि हेंच पाणी आपल्या नळांतून घरीं येतें, या विचारानें मौज वाटली. येथवर सारें ठीक झालें. फजिती झाली ती उतरतांना! निम्म्या पायऱ्या संपल्या नाहींत तोंच कित्येकांचे पाय लटलट कांपूं लागले. आमच्यांतील एकाचा गुडघा ओल्या पायरीवर एकाएकीं लचकला, तो खालीं बसला, आणि त्याचा घोटा मुरगळला. त्यास दोघांच्या खांद्यांवर हात टाकून मळवलीपर्यंत आणावें लागलें. आम्ही असे खोळंबलों असतांना डोक्यावर जळणाचा भारा घेतलेल्या एक वयस्क बाई वरून आल्या, “पोरांनो, दमानं उतरा” एवढें म्हणाल्या आणि आमच्या बाजूनें झपझप खालीं निघून गेल्या. त्यांच्या वयाचा व आमच्या वयाचा हिशेब कोणीं मनांत केला नसेल, असें आम्हांस वाटत नाहीं.

पुढचे दोन दिवस शाळेचा जिना उतरणें ही आम्हांस शिक्षा झाली. चढणें सोपें आणि उतरणें कठीण, हें उलटें कां, असें आम्हीं व्यायामशिक्षकांस विचारलें. त्यांनीं सांगितलें तें असें. चढतांना मांडीचा पुढील स्नायु आंखडतो व शरीरास वर उचलतो. उतरतांना तोच स्नायु भाराखालीं लांबत जातो आणि शरीर एकदम खालीं कोसळूं नये म्हणून गाडीच्या ब्रेकाप्रमाणें त्यास आवरून धरतो. या ब्रेकाच्या कामांत श्वास कमी लागतो. म्हणून तें काम हलकें वाटतें. परंतु त्या कामाची संवय नसलेल्या स्नायूंच्या तंतूंना त्यांत अत्यंत बारीक इजा होते, आणि ती भरून येतांना एक ते तीन दिवस अंग दुखतें. स्नायूंत आम्ल सांठून राहिल्यामुळें हें दुखणें होतें, असा समज पुष्कळ ठिकाणीं आहे. तो बरोबर नाहीं. तसलें आम्ल विश्रांति मिळतांच थोड्या वेळांत निघून जातें. दुखण्याचें खरें कारण संवयीचा अभाव हें होय.

आतां ही संवय मोडली कशी? पवनेच्या कांठचीं आमचीं हीं गांवें पूर्वीं शेतीचीं होतीं. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना निघाला. त्यामागून आकुर्डी, चिंचवड, भोसरी अशी कारखान्यांची रांग लागली. १९८२ सालीं पिंपरी-चिंचवड महानगरपालिका झाली, आणि पुढें चाकणचा माळही यंत्रांच्या आवाजानें भरून गेला. त्यानें हजारों घरांची चूल पेटली, आमच्यांतील बहुतेकांचीही पेटली. त्याबद्दल कृतज्ञताच आहे. परंतु चालणें मात्र कमी झालें. दारापाशीं कंपनीची बस येते, कोपऱ्यापर्यंत जाण्यास दुचाकी लागते, तिसऱ्या मजल्यासाठीं लिफ्ट लागते. कोणी म्हणेल कीं, आमचे वडील तर आठ-आठ तास यंत्रापुढें उभे असतात. त्यांचे पाय बळकट असलेच पाहिजेत. तसें नसतें. एका जागीं उभें राहण्यानें पाय थकतात, पण वाढत नाहींत. कारण त्यांत सांधे पुरतेपणीं वांकत नाहींत व स्नायूंवर पडणारा भार रोज तेवढाच राहतो. थकवा आणि व्यायाम या दोन वस्तु निराळ्या आहेत. दुसरी पाळी करून आलेल्या बापाचे पाय रात्रीं चेपून देणाऱ्या मुलास हा भेद निराळा समजावून सांगावयास नको.

पाय बळकट करण्याचा आपल्याकडील जुना मार्ग म्हणजे बैठका. भोसरीसारख्या पहिलवानांच्या गांवीं जोर-बैठकांचें महत्त्व सांगण्याची गरज नाहीं, आणि आमचाही बैठकांस विरोध नाहीं. परंतु एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. माणूस चालतो तेव्हां दोन्ही पाय एकाच वेळीं जमिनीवर असण्याचा काळ फार थोडा असतो. साध्या चालण्यांत पांचांतील सुमारें चार भाग वेळ सगळें शरीर एकाच पायावर तोललेलें असतें. जिना चढतांना, बसमध्यें पाऊल टाकतांना, ओढा ओलांडतांना, गडाची पायरी उतरतांना हीच स्थिति. बैठकेंत मात्र दोन्ही पाय भार वांटून घेतात. आणि दोन भावांपैकीं एक कामचुकार असला तर दुसरा जसा मुकाट्यानें त्याचें ओझें ओढतो, तसा बळकट पाय दुबळ्याचें काम करून त्याचें दुबळेपण झांकतो. तें उघडें पडतें तें पायरीवर. म्हणून ज्या व्यायामांत प्रत्येक पायास आपापला हिशेब चुकता करावा लागेल, असा व्यायाम हवा.

तो व्यायाम म्हणजे एक पाऊल दूर टाकून दोन्ही गुडघे वांकवीत खालीं जाणें व पुन्हां उभें राहणें. हल्लींच्या व्यायामशाळांतून त्यास ‘लंजेस’ म्हणतात. हें नांव युरोपांतील तलवारबाजींतून आलें आहे. प्रतिस्पर्ध्यावर तलवार रोखून पुढचें पाऊल लांब टाकण्याच्या पवित्र्यास तेथें तें लावतात. आम्ही या लेखापुरतें त्यास ‘पाऊल-बैठक’ म्हणूं. नांव परकें असलें तरी वस्तु परकी नाहीं. सूर्यनमस्कारांत एक पाय मागें नेऊन गुडघा जमिनीपाशीं आणण्याची जी अवस्था आहे, ती हिची सख्खी बहीण होय; आणि त्या नमस्कारांचा औंधचे अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं आपल्या संस्थानांतील शाळांतून केवढा प्रसार केला, हें सर्वश्रुत आहे. योगासनांतील वीरभद्रासन याच कुळांतलें. कबड्डींत चढाई करणारा गडी पाय लांबवून गडी टिपतो, खो मिळतांच बसलेला गडी एका पायाच्या रेट्यानें उसळतो, तेव्हां हींच अंगें कामास येतात. बडोद्याहून दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनीं १९३६ पासून ‘व्यायामज्ञानकोशा’चे दहा खंड संपादिले, व्यायामासारख्या विषयास आपल्या भाषेंत इतकी जागा मिळाली आहे, हें ध्यानांत ठेवून त्यांतील एका लहानशा कृतीवर आम्हीं हीं दोन-चार पानें खर्चिलीं तर वाचक रागावणार नाहींत, अशी आशा आहे.

आतां प्रत्यक्ष कृति. जागा एक सतरंजी मावेल एवढी पुरे. जमीन कोरडी असावी. पावसाळ्यांत ओल्या फरशीवर हा व्यायाम करूं नये. आरंभीं दोन-चार मिनिटें जागच्या जागीं पावलें उचलून अंग ऊन करावें. मग सरळ उभें राहावें. पावलांत कमरेच्या रुंदीइतकें अंतर असावें, हात कमरेवर, दृष्टि समोर. उजवें पाऊल पुढें सुमारें दोन ते अडीच फुटांवर टाकावें. तें डाव्या पावलाच्या रेषेंत टाकूं नये, आपल्या बाजूलाच टाकावें. आमचे शिक्षक म्हणतात, “दोन रुळांवर उभे राहा, एका तारेवर नको.” तारेवर उभा राहणारा डोलूं लागतो; रुळांवर उभा राहणारा स्थिर राहतो. मग सरळ खालीं उतरावें. पुढचा गुडघा जवळजवळ काटकोनांत यावा, मागचा गुडघा जमिनीपासून दोन-तीन बोटांवर थांबावा. त्यानें जमिनीस आपटूं नये. पुढच्या पायाची टांच शेवटपर्यंत टेकलेली असावी. मागच्या पायाचा चवडाच तेवढा टेकलेला असतो. क्षणभर थांबून पुढच्या टांचेनें जमीन दाबावी, वर यावें व पाऊल परत मूळ जागीं आणावें. ही एक पाऊल-बैठक झाली. नंतर डावा पाय.

खालीं जातांना मनांत एक-दोन-तीन असें मोजावें, वर येतांना एकच. ही मोजणी फार महत्त्वाची आहे. ब्रेकाचें काम स्नायूस शिकवावयाचें तें याच तीन अंकांत. जो धपकन खालीं जातो व उसळून वर येतो, तो पन्नास काढील, पण गड उतरतांना आमच्यासारखाच कांपेल. श्वास कोंडूं नये. खालीं जातांना घ्यावा, वर येतांना सोडावा.

या एका कृतींत किती अंगें राबतात पाहा. मांडीच्या पुढील बाजूचे चार स्नायु गुडघा सांवरतात. नितंबाचा मोठा स्नायु व मांडीच्या मागील बाजूचे स्नायु शरीर वर उचलतात. पोटरी व घोट्याभोंवतालचे लहान स्नायु तोल राखतात. आणि कमरेच्या कडेचा स्नायु, ज्याचें नांवही आपण घेत नाहीं, तो कंबर एका बाजूस कलूं देत नाहीं. हा शेवटचा दुबळा असला म्हणजे गुडघा आंत ढळतो, आणि आमच्या मित्राचा गुडघा पायरीवर ढळला त्याचें एक कारण तेंच असावें, असें आमच्या शिक्षकांचें मत पडलें.

चुका पुष्कळांच्या सारख्याच होतात, म्हणून त्या येथें सांगतों. पहिली, गुडघा आंतल्या बाजूस पडूं देणें. तो नेहमीं पायाच्या दुसऱ्या-तिसऱ्या बोटाच्या दिशेनें राहिला पाहिजे. दुसरी, पाऊल फार आंखूड टाकणें. त्यानें टांच उचलली जाते व सगळा ताण गुडघ्यावर येतो. पाऊल लांब टाकलें तर काम नितंबाकडे अधिक जातें. तिसरी, कमरेंतून पोंक काढणें. धड किंचित पुढें झुकलें तर हरकत नाहीं, पण पाठ सरळ हवी. गुडघा अंगठ्याच्या पुढें मुळींच जातां कामा नये, असा एक कडक नियम सांगण्यांत येतो. टांच टेकलेली असून दुखत नसेल, तर गुडघा थोडा पुढें गेल्यानें निरोगी माणसास अपाय नाहीं. जिना उतरतांना तो रोजच जातो. नियमाच्या भीतीनें अंग वेडेंवांकडें करणें हेंच अधिक वाईट.

किती व केव्हां करावें? येथें आमचीच दुसरी फजिती सांगणें भाग आहे. कृति शिकल्याच्या दिवशीं आमच्यांतील चौघांनीं पैज लाविली व प्रत्येकीं शंभर काढल्या. दुसऱ्या दिवशीं ते चौघे कठडा धरून, एक-एक पायरीवर दोन्ही पाय ठेवीत, वर्गांत आले. त्यांतील एक आठवडाभर पुन्हां या व्यायामाकडे फिरकला नाहीं. उत्साह हा गुण आहे, पण पहिल्या दिवशींचा उत्साह हा व्यायामाचा शत्रु आहे. म्हणून पहिले दोन आठवडे बाकाची पाठ किंवा भिंत हातानें धरून, पाऊल पुढें न टाकतां मागें टाकून, प्रत्येक पायानें सहा, असे दोन फेरे करावे. पाऊल मागें टाकल्यानें तोल सोपा जातो व गुडघ्यावर धक्का कमी बसतो. तिसऱ्या आठवड्यापासून आधार सोडून आठ-आठ. पांचव्या आठवड्यापासून पाऊल पुढें टाकून दहा-दहाचे तीन फेरे. त्यानंतर व्हरांड्यांतून चालत चालत पाऊल-बैठका घालाव्या. आणि तेंही सोपें झालें म्हणजे पाठीवर दप्तर घ्यावें. त्याचा एवढा तरी उपयोग होवो! दुबळ्या पायानें आरंभ करावा व दुसऱ्या पायानें तेवढ्याच काढाव्या, अधिक नाहीं.

आठवड्यांत तीन दिवस पुरे, आणि मध्यें एक-एक दिवस सुटी असावी. कारण स्नायु वाढतो तो विश्रांतींत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या सूचनेंतही पांच ते सतरा वर्षांच्या मुलांनीं रोज सरासरी साठ मिनिटें खेळ अथवा श्रम करावे व आठवड्यांतून निदान तीन दिवस स्नायु आणि हाडें यांना बळ देणारे व्यायाम करावे, असेंच सांगितलें आहे. पहिल्या कांहीं आठवड्यांत मांडी आकारानें वाढलेली दिसत नाहीं, म्हणून निराश होऊं नये. त्या काळांत मेंदू व मज्जातंतु स्नायूस हुकूम देण्यास शिकत असतात. बळ आधीं येतें, आकार मागून येतो. व्यायामानें मुलांची उंची खुंटते, ही भीतीही निराधार आहे.

मात्र दोन प्रकारचें दुखणें ओळखतां आलें पाहिजे. मांडींत सगळीकडे पसरलेलें, दोन-तीन दिवसांत ओसरणारें दुखणें हें संवयीचें होय. त्यास भिऊं नये. परंतु सांध्यांत टोंचणारें, सूज आणणारें किंवा पाय अडकविणारें दुखणें असेल तर तत्काळ थांबावें व डॉक्टरांस दाखवावें. आमच्या वयांत, उंची झपाट्यानें वाढत असतांना, कित्येकांस गुडघ्याच्या वाटीखालीं हाडाचा जो उंचवटा असतो तेथें दुखूं लागतें. अशांनीं हट्ट करूं नये. कांहीं काळ उड्या व खोल बैठका कमी कराव्या आणि वैद्यकीय सल्ला घ्यावा. दुखणें लपविण्यांत शौर्य नाहीं.

हा लेख येथेंच संपला असता. पण एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. आमच्यांतील एकाच्या आजी जमिनीवर बसल्या म्हणजे कोणाचा तरी हात धरल्याशिवाय त्यांना उठतां येत नसे. त्यामुळें त्यांनीं खालीं बसणेंच सोडलें, मग बाहेर जाणें सोडलें; दिवसभर खुर्ची व खिडकी. वय वाढूं लागलें कीं स्नायु आपोआप क्षीण होतात, आणि न वापरल्यानें ते अधिकच क्षीण होतात; पुढें पडण्याचें भय, आणि पडल्यास हाड मोडण्याचें. नातू घरीं ही कृति करीत असे, तें पाहून त्या म्हणाल्या, “मला येईल का रे हें?” डॉक्टरांस विचारून, स्वयंपाकघराचा ओटा दोन्ही हातांनीं धरून, पाऊल जरासें मागें नेऊन, गुडघे चार बोटेंच वांकवून त्यांनीं आरंभ केला. प्रथम तीन, मग पांच. नातू शेजारीं उभा राहून मोजीत असे. कित्येक आठवडे कांहींच फरक दिसला नाहीं. पुढें एके दिवशीं भाजी निवडावयास त्या जमिनीवर बसल्या आणि पाटाचा आधार घेऊन आपल्या आपण उठल्या. घरांत त्या वेळीं कोणी नव्हतें. त्यांनींच तें संध्याकाळीं नातवास सांगितलें, आणि दोनदां सांगितलें.

दर वर्षीं आषाढीपूर्वीं तुकाराम महाराजांची पालखी देहूहून निघून आकुर्डीस मुक्काम करते व दुसऱ्या दिवशीं जुन्या मुंबई-पुणें रस्त्यानें आमच्या पिंपरीवरून पुण्याकडे जाते. त्या वारींत सत्तरी उलटलेलीं माणसें पंढरपूरपर्यंतची वाट चालतात. त्यांना कोणीं व्यायामशाळा दाखविली नव्हती. जन्मभर शेतांत, चढउतारावर, वांकत-उठत त्यांनीं जी कमाई केली, ती त्यांना म्हातारपणीं पुरते. आपल्या जीवनांतून ती कमाई आपोआप होणें बंद झालें आहे. म्हणून ती आतां ठरवून केली पाहिजे, एवढाच या सगळ्या लिहिण्याचा अर्थ. त्या आजी यंदा पंढरपुरास गेल्या नाहींत; पण हातांत काठी घेऊन, नातवासह, आपल्या पायांनीं रस्त्यापर्यंत गेल्या व पालखी जाईपर्यंत उभ्या राहिल्या.

तरी आमच्या बंधुभगिनींस विनंती इतकीच कीं, दंडाची बेडकी खुशाल वाढवावी. परंतु आठवड्यांतून तीन वेळां दहा मिनिटें पायांसही द्यावीं, आणि घरांत कोणी खुर्ची व खिडकी यांच्यामध्यें अडकलें असेल, तर डॉक्टरांचा होकार घेऊन त्यांच्या शेजारीं मोजावयास उभें राहावें. लोहगडाची सहल पुन्हां निघणार आहे. या वेळीं आम्ही गड कसा चढलों हें नव्हे, तर कसा उतरलों, हें पुढील अंकांत कळवूं.